बाजारभाव शून्य

पशुवैद्याच्या हलगर्जीपणाने कुत्रा दगावला तर मालकाला भरपाई किती द्यायची, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे. कायद्याच्या लेखी प्राणी ही मालमत्ता, आणि मालमत्तेचं नुकसान बाजारभावाने मोजायचं. दुभत्या म्हशीच्या बाबतीत हे माप बरंचसं चालतं: दूध बुडालं, दुसरं जनावर बाजारात मिळतं. (पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्याला मात्र हे माप दाखवू नये.) पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी कुत्र्याचा बाजारभाव शून्य. म्हणजे एकच चूक लॅब्राडॉरवर झाली तर हजारोंचा भुर्दंड, गावठीवर झाली तर फुकट. अपराधाचं वजन ज्याच्यावर तो झाला त्याच्या कुळावरून ठरवणारा न्याय निदान आपल्याला तरी ओळखीचा वाटायला हवा. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतही जनावर मारण्याच्या गुन्ह्याला दहा आणि पन्नास रुपयांच्या किमतीची अट होती. 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेने ती काढली. गुन्ह्यासाठी किंमत गैरलागू ठरली, मग भरपाईसाठीच ती का धरून बसायची?

कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 2009 मध्ये एका माल्टीज कुत्रीच्या मृत्यूच्या खटल्यात मालकिणीच्या मनस्तापाची भरपाई नाकारली. उपचार प्राण्यावर होतात, मालकावर नव्हे, हा त्यामागचा एक मुद्दा. तो मला पटत नाही. संमतीपत्रावर सही मालकाची, फीही मालकाचीच, आणि ती फी बाजारभावाच्या कितीतरी पट असते. शून्य किमतीच्या वस्तूच्या दुरुस्तीवर कुणी चाळीस हजार खर्च करत नाही. माणसं करतात ती लळ्यापोटी, आणि पाळीव प्राण्यांचे दवाखाने त्याच लळ्यावर चालतात. ज्या नात्यावर कमाई केली, ते नुकसान झाल्यावर कवडीमोल ठरवता येणार नाही.

यावरचा भारदस्त आक्षेप कांटचा. 1785 साली त्याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला: ज्या गोष्टीच्या जागी दुसरं काही ठेवता येतं तिला किंमत असते, जिच्या जागी ठेवता येत नाही तिला प्रतिष्ठा. मग दुःखाचे पैसे मागणारा स्वतःच त्या नात्याला बाजारात उभं करत नाही का? नाही, भरपाई म्हणजे मोल नव्हे, अपराध झाल्याची कबुली आहे. महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर कुत्र्याची थोरवी सांगत बसत नाही. निष्ठेने सोबत आलेल्याला टाकणं पाप, एवढ्यावर तो स्वर्ग नाकारतो. म्हणजे जबाबदारी नात्यातून येते, प्राण्याच्या दर्जातून नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आणि जास्त वजनदार: भरपाया वाढल्या की विम्याचे हप्ते वाढतील, फी वाढेल आणि गरिबाचं कुत्रं उपचाराविना राहील. त्यावर भरपाईला मर्यादा घालणं हा उपाय आहे, ती नाकारणं नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये 2003 पासून न्यायाधीशाला जिव्हाळ्याचं मूल्य विचारात घेता येतं. जर्मनीत जखमी प्राण्याच्या उपचाराचा खर्च केवळ त्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला म्हणून अवाजवी ठरत नाही. आपल्याकडे ग्राहक आयोगापुढे सेवेतली त्रुटी आणि मानसिक त्रास मांडता येतो, पण तिथे दाद मिळते ती ग्राहक म्हणून. वेदना सोसली प्राण्याने आणि पैसे गेले मालकाकडे, ही विसंगती जिव्हाळ्याच्या मूल्यानेही मिटत नाही. जर्मन नियम त्यातल्या त्यात बरा, कारण तिथे निदान पैसा आधी जखमेपाशी पोचतो.