घामाला पुरावा

अकरावीला तर्कशास्त्र शिकवताना अनुमानाचं उदाहरण म्हणून डोंगरावरचा धूर येतो. दारव्ह्याच्या मुलांना डोंगर लागत नाही. कापसाचा हंगाम सरला की धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटी जळत असते. पऱ्हाटी ओली असली की धूर दाट. कडक वाळलेली असली की जाळ भरपूर, धूर नावालाच. म्हणून धूर पाहून आग आहे म्हणता येतं, पण आग पाहून धूर असेलच असं म्हणता येत नाही. मध्ये ओल्या जळणाची अट लपलेली असते. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. उपाधी सापडली की अनुमान कोसळतं.

माझा भाचा सहाशे किलोमीटरच्या सायकल ब्रेव्हेची तयारी करतोय. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे पहिला-दुसरा नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास, तेवढ्यात पोहोचायचं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून आमच्या भागातल्या पोरांना लांब पल्ल्याची ओढ लागली आहे. या भाच्याने मला विचारलं, "आत्या, ते ट्रेनिंगचं सॉफ्टवेअर हाय ना, त्याचे वर्षाचे पैसे भरू का नोको?"

रक्कम फार नाही. पण प्रश्न पैशाचा नाहीच: आपल्या शरीराबद्दल कोणाचं म्हणणं खरं धरायचं, हा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत पहिल्याच सूत्रात सोळा गोष्टींची यादी येते. प्रमाण सगळ्यांत आधी, थोडं पुढे संशय आणि प्रयोजन. आणि या सोळांच्या यथार्थ ज्ञानाने निःश्रेयस, म्हणजे परमकल्याण, मिळतं असं तो सांगतो. नीट जाणणं हा मुक्तीच्या वाटेचाच भाग आहे, हे मी अक्षरशः खरं मानते. म्हणून भाच्याचा प्रश्न मला धर्माचाच वाटला.

हे सॉफ्टवेअर करतं काय? छातीवरच्या पट्ट्यातून हृदयाचे ठोके घेतं, किंवा पॉवर मीटर असेल तर पायांनी लावलेला जोर वॅटमध्ये घेतं. त्यावरून प्रत्येक फेरीला ताणाचा एक आकडा देतं. एक तास जेमतेम टिकवता येईल असा जोर तासभर लावला, तर तो आकडा १००. मग ४२ दिवसांची एक सरासरी आणि ७ दिवसांची दुसरी, दोन्हींत अलीकडच्या दिवसांना वजन जास्त. पहिलीला म्हणायचं तयारी, दुसरीला शिणवटा, आणि पहिलीतून दुसरी वजा केली की उरते ती ताजगी. याचं मूळ कॅनडातल्या एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेल्या गणिती प्रतिमानात आहे. कल्पना सुंदर आहे: एकाच व्यायामातून बळही येतं आणि थकवाही येतो, थकवा लवकर ओसरतो, बळ हळू ओसरतं. पण ४२ आणि ७ हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवलेले असतात. मुद्दाम बदलले नाहीत तर ते दारव्ह्याच्या पोरालाही तेच आणि डेन्मार्कच्या पोरालाही तेच.

आता उपाधी शोधायची. भाच्याने दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनापासून कारंजा रस्त्यावर केलेल्या दोन फेऱ्या आम्ही शेजारी शेजारी लावल्या, एक जानेवारीतली, एक मेमधली. रस्ता तोच, वेळ जवळपास तितकाच, वारा दोन्ही दिवशी पडलेला. मेमध्ये ठोके सरासरीने पंधरा-सोळांनी जास्त. सॉफ्टवेअरने मेच्या फेरीला कितीतरी जड ठरवलं. पायांनी काम तेवढंच केलं होतं. मग ठोके का वाढले? आमच्याकडे मेमध्ये सकाळी आठलाच चटके बसतात. शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. ठोक्यांवरून मेहनत ओळखायची तर ऊन ही इथली उपाधी. पॉवर मीटर लावला तर ती गळते, पण दुसरी चूक उलट्या बाजूने येते: वॅट सांगतात दोन्ही दिवस सारखे, आणि शरीराने मेमध्ये मोजलेली जादा किंमत त्यांना दिसतच नाही. शिवाय पॉवर मीटरची किंमत दहा-दहा हजारांच्या पटीत. आमच्याकडे बहुतेकांची अख्खी सायकल त्याहून स्वस्त असते.

उन्हाची नोंद निदान करता तरी येते. जागलीचं काय करायचं? हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरं रात्री वावरात उतरतात, आणि भाचा मचाणावर बसतो. त्यातून ओलिताची वीज रात्रपाळीची असली तर मध्यरात्री उठून बारे फोडायचे, गुडघाभर चिखलात. सकाळी तो घरी येतो तेव्हा फोनवर ताजगीची रेघ वर चढलेली असते, कारण आदल्या दिवशी सायकल निघालीच नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी त्याने विश्रांती घेतली. म्हणतं, आज जोर लावा. माझ्या मते या आकड्याचा खरा धोका इथेच आहे. मोजलेलं तेवढंच घडलं, असं तो न बोलता ठरवून टाकतो.

भाचा म्हणाला, "पण आत्या, ते मोठमोठ्या कोचांनी बनवलंय." म्हणजे आता तो त्याला शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचा शब्द, मानायला निघाला. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताची व्याख्या स्पष्ट केली आहे: ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. इतका उदार माणूसही या सॉफ्टवेअरला आप्त म्हणणार नाही. त्याने ना भाच्याचा थकवा जाणला, ना त्याला काही सांगायचं आहे. ते फक्त अनुमान करतं, आणि अनुमानाची उलटतपासणी करायचीच असते. म्हणून घ्यायचंच तर सूत्र उघड दाखवणारं घ्यावं. 'गोल्डन चीता' फुकट आहे आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो.

मग शरीर सांगेल तेच खरं? तसंही नाही. वात्स्यायन प्रत्यक्षाच्या चुकीसाठी मृगजळाचं उदाहरण देतो, आणि ते पाहायला आमच्या मुलांना दिग्रस रस्त्यावर वैशाखातली एक दुपार पुरते. ब्रेव्हेच्या पहाटे, सोबत पन्नास जण, पाठीमागून वारा: तेव्हा पाय हलके वाटतात आणि तो हलकेपणा खोटा असतो. दोनशेव्या किलोमीटरला सगळं वसूल होतं. अशा वेळी मनगटावरचा आकडा खरं बोलतो. नुसत्या मनाच्या भरवशावर निघणाऱ्यांना मी तो लावायलाच सांगेन.

म्हणून मी भाच्याला जे सांगितलं ते असं. स्वीडनच्या गुन्नार बोर्गने जाणवलेल्या श्रमाची ६ ते २० अशी पट्टी दिली आहे. धडधाकट तरुणाचे ठोके साधारण पट्टीवरच्या आकड्याच्या दहापट येतात, म्हणून ती सहापासून सुरू होते. फेरी संपली की फोन उघडण्याआधी आपला आकडा कागदावर लिहायचा. शेजारी झोप, जागल, उपास. मग फाइल बघायची. दोघांचं पटलं तर त्या दिवशी सॉफ्टवेअरने काहीच सांगितलं नाही. पटलं नाही तरच काम सुरू होतं: कोण चुकलं, मी की ते? वात्स्यायन म्हणतो, न्याय अगदी अज्ञात गोष्टीला लागत नाही आणि ठरून गेलेल्यालाही नाही. जिथे संशय आहे तिथेच लागतो. आधी कागदावर काही लिहिलंच नसेल तर संशय कुठून येणार? मग माणूस फक्त आज्ञा पाळतो.

एक गोष्ट त्याला पटायला वेळ लागला. फेऱ्या जगाला दाखवायच्या नाहीत. जप मोजू नये असं आपल्या परंपरेने कधी सांगितलं नाही. १०८ मण्यांची माळ मोजण्यासाठीच असते. पण माळ धरलेला हात गोमुखीत असतो. मोजणाऱ्याला कळावं, बघणाऱ्याला नाही. 'स्ट्राव्हा' या ॲपवर रस्त्याचे तुकडे पाडून त्यावर कोण सर्वांत वेगवान याची यादी लागते, आणि त्या यादीपायी पोरं विश्रांतीच्या दिवशीही ऊर फुटेस्तोवर पळतात. तिथेच फेरी फक्त स्वतःपुरती ठेवायची सोय आहे, ती वापरावी. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला सायकलने जाताना नोंद करावी का, यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, अंतर मोजल्याने महाराजांना काय फरक पडतो? मला वाटतं, फरक महाराजांना नाही, वाटेत दर दहा मिनिटांनी मनगट बघणाऱ्याला पडतो.

पैसे त्याने भरलेले नाहीत. छातीचा पट्टा ठेवला, फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, आणि आपला आकडा तो घरच्या कालनिर्णयवर लिहितो, दुधाच्या हिशेबाच्या खाली. पोळ्यापर्यंत कागद आणि फाइल किती वेळा भांडले ते आम्ही दोघं बसून बघणार आहोत. त्या भांडणांतून त्याच्या हाती काही लागलं नसेल तर सॉफ्टवेअर काढून टाकायचं, असं ठरलं आहे. पट्टा मात्र ब्रेव्हेच्या पहिल्या शंभर किलोमीटरसाठी राहील.