ट्रोलला वास कशाचा येतो?

अस्वलं मारणाऱ्या चोरट्या शिकाऱ्याचा माग काढत नॉर्वेतले तीन विद्यार्थी कॅमेरा घेऊन निघतात. शिकारी भेटतो, पण तो अस्वलांचा नव्हे, ट्रोल नावाच्या महाकाय राक्षसांचा. आणि सरकारी नोकर! आंद्रे ओव्हरेदाल यांचा ‘ट्रोलहंटर’ (२०१०) हा सिनेमा म्हणजे या विद्यार्थ्यांनी केलेलं, पुढे कुणाच्या तरी हाती लागलेलं चित्रीकरण आहे, अशी त्याची मांडणी.

जंगलात शिरण्याआधी शिकारी हान्स तिघांना विचारतो, तुमच्यापैकी कुणी देव किंवा येशू मानतं का? तिघेही नाही म्हणतात. प्रश्नाला कारण आहे. नॉर्वेच्या लोककथांमधल्या ट्रोलना ख्रिस्ती माणसाच्या रक्ताचा वास येतो. या कथा एकोणिसाव्या शतकात पेटर आसब्यॉर्न्सन आणि यॉर्गन मो यांनी गोळा केल्या. त्यातले मो पुढे बिशप झाले.

डोंगराच्या पोटात, ट्रोलच्या बिळात अडकल्यावर कॅमेरामन काल्लेचा धीर सुटतो. आपण ख्रिस्ती आहोत हे तो कबूल करतो. तोवर उशीर झालेला असतो. ट्रोलना वास लागलेला असतो आणि काल्ले मारला जातो.

बायबलमधल्या पेत्राने येशूला तीनदा नाकारलं ते जिवाच्या भीतीने. काल्लेचं उलटं आहे. खरं सांगितलं असतं, तर तो त्या शिकारीवर गेलाच नसता आणि वाचला असता. मग तो गप्प का राहिला? देव मानणं हे मित्रांमध्ये सांगायला संकोच वाटावा असं काहीतरी झालं आहे, एवढंच उत्तर सिनेमातून मिळतं. सिनेमा आला त्या वर्षी लुथरन पंथ हा नॉर्वेचा राज्यधर्म होता. राज्यघटनेतली ती तरतूद २०१२ मध्ये बदलली. बहुतेक नागरिक चर्चचे सदस्य, पण रविवारच्या उपासनेला जाणारे थोडे. अशा समाजात धर्म नोंदवहीत राहतो आणि श्रद्धा लपवावी लागते.

श्रद्धा म्हणजे माणसाने जाहीर केलेलं मत, की जाहीर न करताही त्याच्यात असणारं काहीतरी? सिनेमाचा कौल दुसऱ्या बाजूने आहे. अतिनील प्रकाशात ट्रोलचा दगड का होतो, याचं शास्त्रीय स्पष्टीकरण इथे सविस्तर येतं. श्रद्धेचा वास कसा येतो, याचं मात्र येत नाही. कॅमेऱ्यालाही ती टिपता येत नाही. तिघांमधला एकमेव आस्तिक कॅमेऱ्यामागे उभा असतो आणि प्रेक्षक त्याच्याच डोळ्यांनी सगळं पाहत असतात, हा योगायोग वाटत नाही.

काल्लेच्या जागी नवी कॅमेरावुमन येते, मलिका. ती मुस्लिम आहे. तिचं काय होईल, हे हान्सलाही माहीत नाही. लोककथेत वास रक्ताला होता, म्हणजे जन्माने आणि बाप्तिस्म्याने मिळालेल्या ओळखीला. हान्स विचारतो ते विश्वासाबद्दल. माणसाचा धर्म त्याच्या कुळात शोधायचा की अंतःकरणात, हा वाद इथे दोन-चार वाक्यांत उभा राहतो आणि सिनेमा तो प्रामाणिकपणे खुला ठेवतो.

स्कँडिनेव्हियातल्या श्रद्धाविषयक सिनेमांची चर्चा ड्रायर यांच्या ‘ऑर्डेट’ (१९५५) आणि बर्गमन यांच्या ‘विंटर लाइट’ (१९६३) यांच्याशिवाय होत नाही. त्या चर्चेत ‘ट्रोलहंटर’लाही जागा मिळायला हवी.