मुक्या जिवाची जबाबदारी

लव्हबर्ड हा मूळचा आफ्रिकेतला, थव्यात रमणारा छोटा पोपट. नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. आज मुलाच्या हट्टापायी आणलेली जोडी त्याच्या कॉलेजपर्यंत घरात असू शकते. रोज ताजं पाणी, राळ्यासोबत कोथिंबीर, चोच घासायला समुद्रफेस आणि पंख पसरता येतील असा रुंद पिंजरा, एवढं त्यांना हवंच. फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूरही त्यांच्या जिवावर बेततो. पक्षी दुखणं लपवतो. पिसं फुगवून तो गप्प बसून राहिला, की काहीतरी बिनसलंय असं समजावं आणि पशुवैद्य गाठावा. हौस चार दिवसांत फिटते, जबाबदारी वर्षानुवर्षं निभवावी लागते. तेवढी मनाची तयारी असेल, तरच पक्षी घरी आणावा.