आपपरभावाची सीमा

'आपपरभाव' हा शब्द आम्ही मराठी माणसे बहुधा निंदेनेच उच्चारतो. परंतु देहाच्या व्यवहारात तो भाव नसता तर जगणेच कठीण झाले असते. स्वतःच्या बोटांनी आम्हांस गुदगुल्या होत नाहीत; कारण स्वतःच्या हालचालीचा परिणाम लहान मेंदू आधीच ताडून ठेवतो. जे ताडलेले नाही, ते परक्याचे.

एग्मोर स्थानकाच्या गर्दीत एखाद्याच्या पायावर ट्रंक पडली, तर आमचाही पाय आक्रसतो. वेदना मात्र त्याचीच राहते. असे का व्हावे? याच चेन्नईच्या स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले मेंदुतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन सांगतात की, दुसऱ्यास झालेला स्पर्श पाहून आपल्या मेंदूतील काही पेशी तो आपल्यालाच झाल्यागत चेतवल्या जातात. परंतु आपली त्वचा 'येथे काही घडलेले नाही' असे तत्काळ कळवते. हात गमावलेल्या काही रुग्णांना दुसऱ्याचा हात चोळलेला पाहून आपल्या नसलेल्या हातात स्पर्श जाणवला. तो निरोप धाडणारी त्वचाच तेथे उरली नव्हती!

तेव्हा समवेदना ही मूळची, आणि दुरावा हा मागाहून आलेला खुलासा, असे म्हणावे लागते. बदलीच्या गावी 'ही माणसे आपली नव्हेत' असे म्हणताना आम्ही त्वचेची ही साक्ष भलत्याच ठिकाणी काढतो. दुःख कोणाचे, एवढेच ती सांगू शकते; ते कोणी निवारावे, हा निर्णय तिच्या अखत्यारीतला नव्हे.