पौंड पडला, चेन स्वस्त झाली

२३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडच्या काही सायकलवाल्यांनी बातम्यांच्या आधी उघडलं ते परदेशी दुकानाच्या साइटवरचं कार्ट. आदल्या दिवशी शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड तेव्हा ब्याण्णव-त्र्याण्णववर आला होता. ऑक्टोबरात तो ब्याऐंशीच्या घरात गेला. तिकडे पंतप्रधान राजीनामा देत होते, आणि इकडे कोथरूडला किंवा ठाण्याला कोणी तरी महिनोन्‌महिने अडवून धरलेला गिअर बदलणारा मागचा डिरेलर मागवून मोकळा होत होता. यात लाजण्यासारखं काही नाही. स्वस्त झालेली वस्तू घेणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्या आनंदाची जात जरा निरखून पाहावी अशी आहे.

रुपयात कमावणाऱ्या माणसाच्या वाट्याला असा दिवस क्वचितच येतो. आपला अनुभव बहुतेक उलटा. जून १९६६ मध्ये ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका फटक्यात साडेसात रुपयांना जाऊन बसला. जुलै १९९१ च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या वर गेला आणि पौंडाने शंभरी ओलांडली. दर वेळी घसरणारे आपण, आणि दर वेळी महाग होणारी वस्तू दुसऱ्याची. म्हणून २०१६ मध्ये ज्यांच्या चलनापुढे आपल्या आजोबा-पणजोबांनी मान तुकवली, तेच चलन आपटलेलं बघण्यात एक खास गंमत होती. सवलतीत डिरेलर मिळण्याच्या आनंदात इतिहासाचा थोडासा हिशेब चुकता झाल्याचा आनंदही मिसळलेला होता. तो कोणी कबूल करत नाही एवढंच.

ब्रिटिश दुकानांचंच एवढं आकर्षण का, हेही पाहायला हवं. उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिनूर या छोट्या गावात १९८५ मध्ये एका जोडप्याने सायकलचं दुकान काढलं. त्याचं पुढे ‘चेन रिअ‍ॅक्शन सायकल्स’ झालं आणि पुण्या-बंगळुरातल्या गिअरच्या सायकलवाल्यांच्या तोंडी ते नाव गल्लीतल्या दुकानासारखं बसलं. माल भरपूर, साठा मोठा, आणि भारतात पाठवायच्या वस्तूवर ब्रिटनचा वीस टक्के व्हॅट लागत नसे. तिथल्या गिऱ्हाइकाला १२० पौंडांना मिळणारी वस्तू आपल्या पडद्यावर १०० पौंडांना दिसायची. पौंड न घसरताही ही सूट होतीच. घसरला की दुधात साखर.

आता या साखरेचं मूळ शोधू. तो डिरेलर ब्रिटनमध्ये तयार झालेला नसतो. शिमानो ही कंपनी जपानमधल्या ओसाकाजवळच्या साकाई शहरात १९२१ मध्ये फ्रीव्हील बनवत सुरू झाली. आज तिचा माल जपानबरोबरच सिंगापूर, मलेशिया, चीनमधूनही येतो. तिच्या स्पर्धक स्रॅमचं मुख्यालय शिकागोला, पण मुख्य कारखाने तैवानात. म्हणजे ब्रिटिश दुकानदारानेही तो माल बाहेरूनच, डॉलर-येनच्या हिशेबाने आणलेला. जून २०१६ मध्ये त्याच्या गोदामात जो माल होता, तो पौंड वधारलेला असतानाचा. त्यावर लावलेली किंमत पौंडात, आणि ती एका रात्रीत बदलत नाही. आपल्याला जो फायदा झाला तो या दिरंगाईचा. दर क्षणात बदलला, किमतीच्या चिठ्ठ्या बदलायला काही महिने गेले, आणि त्या मधल्या फटीत आपण हात घातला. पुढचा माल नव्या दराने आला तेव्हा ब्रिटनमध्ये सायकली आणि त्यांचे भाग महागले. ती महागाई भरली लीड्स किंवा बेलफास्टमध्ये रोज सायकलने कामावर जाणाऱ्याने. त्याचा पगार पौंडात होता आणि पौंडातच राहिला.

ही फट नेहमी आपल्या बाजूने उघडतेच असं नाही. २०११ च्या ऑक्टोबरात एका डॉलरला ७५-७६ येन मिळत. २०२४ च्या जुलैत १६० हून अधिक. डॉलरच्या हिशेबाने येन निम्म्याहून खाली आला. शिमानोची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, निम्म्या किमतीत कोणाला मिळाली का? कारखाने चार देशांत, किंमत ठरवणारे वेगळ्याच कचेरीत, मध्ये वितरक, त्याच्यामागे उपवितरक. चलन आपल्या विरोधात गेलं की त्याचा फटका उशिरा का होईना, पुरा दुकानात पोचतो. आपल्या बाजूने गेलं की वाटेत प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो. व्यापार करणाऱ्या कुठल्याही घरातल्या म्हाताऱ्याला हे ठाऊक असतं.

याच व्यवहाराची दुसरी बाजू मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स होता. चलनविषयक हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनंतर १९२७ मध्ये सरकारने तो एक शिलिंग सहा पेन्सवर बांधला. दोन पेन्सांवरून केवढा गदारोळ! आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली, गिरणीमालक खवळले. कारण साधं होतं. रुपया महाग केला की विलायती माल स्वस्त. बर्मिंगहॅमची पाच पौंडांची सायकल धरा: सोळा पेन्सांच्या रुपयाने ती ७५ रुपयांना पडते, अठरा पेन्सांच्या रुपयाने ६६ रुपये १० आणे ८ पैंना. घेणाऱ्याची चंगळ, पण इथे माल बनवणाऱ्याची कंबर मोडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ याच वादाच्या तोंडावर, १९२३ मध्ये आलेला. आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली होती. बाहेरचा दर स्थिर ठेवला म्हणजे रुपया स्थिर झाला असं होत नाही, देशाच्या आत त्या रुपयाला किती माल मिळतो ते बघा, असा त्यांच्या टीकेचा रोख. लीड्सच्या सायकलवाल्याच्या पौंडाला हीच कसोटी लावली की २०१६ चा ‘सेल’ वेगळा दिसू लागतो.

आणि आपला सेल तरी निखळ होता का? एकाच पार्सलवर तीन वेगवेगळे दर बसतात. साइटवर रुपयात दिसतो तो दुकानाचा दर; त्यात त्याचं कमिशन आधीच घातलेलं असतं, म्हणून रुपयात पैसे भरण्याचा पर्याय आला तर तो टाळावा. दुसरा कार्डाचा. तो ऑर्डरच्या क्षणाचा असेलच असं नाही, व्यवहार पुरा होतो त्या दिवसाचा लागतो, आणि वर बँकेचं साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्या शुल्कावर कर. तिसरा दर कस्टमचा. आयात मालाचं मूल्य रुपयात धरण्यासाठी सरकार महिन्यातून दोनदा दर जाहीर करतं. मधल्या काळात फारच मोठी उलथापालथ झाली तरच तो बदलतात. पौंड काल कोसळला म्हणून आपण आज नाचत असू, पण कस्टमच्या कागदावर अजून जुनाच पौंड चालू असू शकतो. त्यातही वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवायचा, त्यावर ड्युटी, आणि ड्युटीसकट होणाऱ्या रकमेवर आणखी कर (आता जीएसटी). टक्क्यावर टक्का. शंभर पौंडांची वस्तू दहा हजारांवरून आठ हजार दोनशेवर आली हे खरं, पण दारात पार्सल घेऊन उभा असलेला कुरिअरवाला जो आकडा सांगतो, तो ऐकला की त्या अठराशेचा आनंद बराच ओसरतो. वस्तू परत केली तर आणखी मजा. परतावा त्या दिवसाच्या दराने मिळतो. पौंड आणखी घसरला असेल तर स्वस्ताईच आपल्याला नडते.

तरीही वाट पाहणारे वाट पाहतात. ‘जरा उतरू दे, मग मागवतो.’ शेअर बाजारात हे चालत असेल, सायकलवर चालत नाही, कारण मधल्या काळात सायकल झिजत असते. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच. लोखंडी पट्टीचा शून्य एका पिनच्या बरोब्बर मध्यावर धरा, चेन ताणा आणि बारा इंचांच्या खुणेकडे बघा. नव्या चेनची चोविसावी पिन त्या खुणेवर असते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल, तर अकरा-बारा गिअरच्या सायकलीची चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंचापर्यंत जाऊ दिली की ताणलेली चेन कॅसेटचे दातही आपल्या मापाने खाऊन टाकते. मग नवी चेन त्या दातांवर बसत नाही, जोर लावला की लहान चकत्यांवरून घसरते. पंचवीस पौंडांच्या चेनवर पौंड शंभराचा पंच्याण्णव होईपर्यंत थांबून वाचतात सव्वाशे रुपये. तेवढ्यात साठ पौंडांची कॅसेट गेली तर जवळपास सहा हजारांची फोडणी.

खरी मेख मात्र दराच्या पुढे आहे. लुधियानाची साधी काळी सायकल आठवा. कॉटर, छर्रे, ब्रेकचे रबर, एकेरी फ्रीव्हील हे सगळं तालुक्याच्या गावी मिळतं. कॉटर जाड आली तर मिस्त्री ती कानशीवर चार हात मारून बसवतो. या सायकलीच्या मालकाला पौंड पडला काय आणि येन चढला काय, पत्ताही लागत नाही. आता दुसरीकडे आपल्या गिअरच्या सायकलीचा डिरेलर हँगर घ्या. बोटभर लांबीचा मऊ अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, फ्रेम आणि डिरेलर यांच्यामध्ये स्क्रूने बसवलेला. सायकल पडली तर फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम वाकण्यासाठीच केलेला असतो. योजना उत्तम. पण जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा, आणि नेमका आपला इथल्या दुकानात नसतो. तुकड्यापेक्षा त्याचं टपालच महाग पडतं, आणि तो येईपर्यंत लाखाची सायकल भिंतीला टेकून उभी. या तुकड्याची किंमत कुठल्या चलनात चुकवायची हे सायकल घेतली त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. सायकल निवडताना आपण चलनही निवडतो, फक्त दुकानात त्याचं कोणी नाव काढत नाही.

याचा अर्थ सगळ्यांनी काळ्या सायकलीकडे वळावं असा नाही. सिंहगड चढताना मला गिअर हवेत आणि उतरताना डिस्क ब्रेकही हवेत. प्रश्न गिअरचा नाही, मापांचा आहे. क्रँकच्या धुऱ्याच्या जागी आट्यांची बी.बी. (बॉटम ब्रॅकेट) असेल, जिला बर्मिंगहॅमच्या जुन्या बंदूक कारखान्याच्या नावाने आजही ‘बीएसए’ म्हणतात, तर ती कुठेही मिळते आणि कोणीही बसवतो. दाबून बसवायच्या बी.बी.ची मापं मात्र कंपनीगणिक वेगळी, आणि काही कंपन्या आता निमूटपणे आट्यांकडे परतल्या आहेत. हँगरच्या बाबतीतही स्रॅमने २०१९ मध्ये अनेक फ्रेमना चालेल असं एकच माप आणलं. माप जितकं सामायिक, तितके विकणारे जास्त. आणि विकणारे जास्त असले की एका चलनाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

दुकानांचं म्हणाल तर तीही अमर नव्हती. त्यांचे दिवस भरात होते तेव्हा, ऑस्ट्रेलियाचा डॉलर वधारलेला असताना, तिथल्या लोकांनी याच ब्रिटिश दुकानांतून पेट्याच्या पेट्या मागवल्या. हजार डॉलरपर्यंतच्या पार्सलवर त्यांना जीएसटीही नव्हता. तिथले दुकानदार ओरडत राहिले आणि ती सवलत बंद व्हायला जुलै २०१८ उजाडला. चेन रिअ‍ॅक्शन २०१६ मध्ये पोर्ट्‌स्मथच्या ‘विगल’मध्ये विलीन झालं, दोन्ही मिळून पुढे एका जर्मन समूहाकडे गेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या समूहाचे पैसे आटल्यावर प्रशासकाच्या ताब्यात. आता नाव उरलंय, तेही दुसऱ्याने विकत घेतलेलं. स्वस्त पौंडात आम्ही विकत घेतलेले सुटे भाग अजून चालताहेत. त्यांच्या जागी पुढचे कुठून आणायचे, ही ज्याची त्याची चिंता.

म्हणून नवी सायकल घ्यायला जाल तेव्हा रंग आणि वजन पाहून झाल्यावर दुकानदाराला चार गोष्टी दाखवायला सांगा: याच सायकलीला बसणारी चेन, ब्रेक पॅड, बी.बी. आणि डिरेलर हँगर. चारही त्याने फळीवरून काढून समोर ठेवल्या तर बिनधास्त घ्या. ‘मागवावं लागेल’ म्हणाला, तर कुठून ते विचारा, आणि हँगर दोन घेऊन ठेवा.