शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीचे माळवद

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती कुठे निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि अधिकृत गणनेनेही साडेसात हजारांहून अधिक जीव गेले. इकडे सोलापुरात आम्ही अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो. कोणी म्हणाले, शेषाने फणा हलवला. कोणी म्हणाले, पापाचा घडा भरला. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातही हे दुसरे मत ऐकू आले आणि, खरे सांगावयाचे तर, आमच्यापैकी पुष्कळांनी माना डोलावल्या.

शेषाची कथा त्यातल्या त्यात निरुपद्रवी. भार वाहणारा थकतो, एवढेच ती सांगते. मेलेल्यांवर आरोप करीत नाही. दुसरे मत मात्र ढिगाऱ्याखालच्या तान्ह्या मुलालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याचीच झीज होऊन आपली काळी माती झाली, आणि त्याच पाषाणाच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती मातीत रचून वर जड माळवद घालण्याची या मुलखाची रीत. उन्हाळ्यात असे घर गार राहते. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या ताणाने अचल मानलेला हा प्रदेशही हलला, तेव्हा गारवा देणारे तेच छत निजलेल्यांच्या अंगावर आले.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये असेच घडले. चर्चे भाविकांनी भरलेली होती. येशूसंघीय धर्मगुरू मालाग्रिदा यांनी पुस्तिका लिहून ठासून सांगितले, की कारण निसर्ग नव्हे, लोकांची पापे. (ते आमच्याच घरातले, म्हणून त्यांचे नाव टाळणे आम्हांस बरे वाटत नाही.) उलट रूसोने व्होल्तेरला लिहिलेल्या पत्रात विचारले, की सहा-सात मजली घरांची ती दाटी निसर्गाने का बांधली होती? १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी त्यास अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू थोर होता. तरी या वादात आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे.

लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभू स्वतःच 'नाही' म्हणतो. पण तेथेच तो थांबत नाही. पश्चात्तापाची हाक तो मेलेल्यांना नव्हे, ऐकणाऱ्यांना देतो. त्या रविवारी आवारात माना डोलावणारे आम्ही ऐकणाऱ्यांतलेच होतो. किल्लारीची घरे कशी बांधली होती, हे मात्र त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.