वाळूवरील अंडी

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने पाखरांकडे पाहण्याची आज्ञा दिली (मत्तय ६:२६). तेथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे निरखून पाहणे. ओझरत्या दृष्टीने ती आज्ञा पाळली जात नाही.

भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय भिगवणपर्यंत पसरला आहे. हिवाळ्यात मच्छीमारांच्या होड्यांपलीकडे रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखलपाणी गाळीत असतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब काठावर चरतात. या पाहुण्यांसाठी लोक दुरून येतात. नदीसुरयाकडे मात्र कोण पाहतो? पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा हा पक्षी कोळ्याप्रमाणेच मासळीवर जगतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या बेटावर, निव्वळ वाळूत तो अंडी घालतो. ती वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. माणसाच्या चाहुलीने पक्षी उडाला की भर उन्हात अंडी भाजून निघतात.

अनुवाद २२:६-७ मधील नियम आठवा. घरट्यातील अंडी घेणाऱ्याने आईला सोडून द्यावे! देवाने अन्न घेण्यास मनाई केली नाही, हाताला मर्यादा घातली. आणि आईबापांचा मान राखणाऱ्याला दिलेले दीर्घायुष्याचे वचन येथे पुन्हा दिले. इतक्या लहान गोष्टीसाठी एवढे मोठे वचन!

म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गळ घेऊन वा सहलीस जाल, तेव्हा त्या बेटांवर होडी लावू नका. मुले हट्ट धरतील, नावाडीही आग्रह करील. दुर्बिणीतून पुरेसे दिसते.